बांधावरून गेलेलं शहर

पुण्याच्या पश्चिमेला हिंजवडीतून मारुंजीकडे किंवा माणकडे जा, नाहीतर पूर्वेला वाघोलीच्या आतल्या बाजूला शिरा. रस्ता शे-दीडशे मीटर नाकासमोर जातो आणि अचानक काटकोनात वळतो. वळणावर ना ओढा, ना टेकडी, ना जुनं देऊळ. थोडं पुढे गेलं की पुन्हा तसंच वळण. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मधे काँक्रीटचा मिक्सर आणि शाळेची बस समोरासमोर अडकलेली. मागे दुचाक्यांची रांग, आणि कोणीतरी हमखास उतरून वाहतूक पोलिसाचं काम फुकटात करत असतो.

ते वळण म्हणजे शेताचा बांध. शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाट नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार त्याला शेजारच्या सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून वाट देऊ शकतो. हद्दीवरून, कारण त्यात दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची जमीन थोडी थोडी जाते आणि उभं पीक तुडवलं जात नाही. रुंदी पूर्वापार आठ फूट, फार झालं तर बारा. औत जावं, बैलगाडी जावी, उसाच्या दिवसांत ट्रॅक्टर कसाबसा निघावा, एवढीच गरज. शेतीच्या हिशोबाने हा निवाडा चोख आहे. गोंधळ पुढे होतो. पंचवीस-तीस वर्षांनी ते शेत बिल्डरकडे जातं, खरेदीखतात हीच वाट ‘अ‍ॅप्रोच रोड’ म्हणून उतरते, आणि बैलगाडीच्या वाटेवर दीडशे फ्लॅट येऊन बसतात.

शेतांचे आकारही रस्त्याच्या मुळावर येतात. भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा प्रत्येकाला विहिरीत हिस्सा हवा असतो, चांगल्या मातीतला वाटा हवा असतो आणि पाणंदीला तोंड हवं असतं. त्यामुळे जमीन लांबट पट्ट्यांत फाटते. वीस मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब असा पट्टा नांगराला सोयीचा, इमारतीला अडचणीचा. दोन्ही बाजूंनी नियमानुसार जागा सोडली की उरलेल्यात धड इमारत बसत नाही. मग बिल्डर शेजारचा पट्टा घेतो, तो मिळाला नाही तर पलीकडचा घेतो. मधला पट्टा कोर्टात अडकलेला असतो, तो तसाच बाभळी वाढवत उभा राहतो. महापालिकेच्या किंवा प्राधिकरणाच्या दप्तरी प्रत्येक इमारतीचा मंजूर नकाशा सापडेल. सगळ्या इमारती मिळून जी वस्ती झाली, तिचा नकाशा मात्र कोणीच काढलेला नसतो.

महानगर वाढतं ते रोजगारामुळे, यात वाद नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली, मागोमाग वाहनांचे कारखाने आले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची, नवनगर विकास प्राधिकरण १९७२ चं, महापालिका १९८२ ची. क्रम बघा: आधी कारखाना, मग नगरपालिका, मग प्राधिकरण. वरातीमागून घोडं खरं, पण निदान घोडं आलं. प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीकडे जमीन एकत्र संपादित केली, सेक्टर पाडले, आधी रस्ते आखले आणि मग भूखंड दिले. आजही निगडी प्राधिकरणातून जाताना जरा मोकळा श्वास घेता येतो, तो त्या क्रमामुळे. किंमत मूळ शेतकऱ्यांनी मोजली. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन त्यांना परत देण्याचा प्रश्न पुढे कित्येक दशकं भिजत पडला, आणि संपादन होऊनही ताब्यात न घेतलेल्या जमिनींवर गुंठ्या-गुंठ्याने घरं उठली.

हिंजवडीत तेवढंही झालं नाही. आयटी पार्कच्या आतली जमीन एमआयडीसीची. आतले रस्ते, पाणी, भूखंड हे सगळं तिचं. कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की ग्रामपंचायत. कचरा ग्रामपंचायतीचा, बांधकाम परवानगी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची), काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही जिल्हा परिषदेचे, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आणि वाहतूक पिंपरी-चिंचवडच्या पोलीस आयुक्तालयाकडे. पावसाळ्यात चौकात पाणी तुंबलं की पहिले काही दिवस नाला कोणाच्या हद्दीत येतो हे ठरवण्यात जातात. आणि पार्कमध्ये कामाला येणारी माणसं राहतात कुठे? वाकड, बालेवाडी, मारुंजी, पुनावळे. एमआयडीसीने कारखान्यासाठी जमीन घेतली, कामगाराच्या घरासाठी घेतली नाही. शिवाजीनगरहून हिंजवडीला जाणाऱ्या सुमारे तेवीस किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. तोवर पार्क सुरू होऊन दोन दशकं होत आली होती.

सरळ हिशोबाने बोलायचं तर एक एकर जमीन घेऊ. चाळीस गुंठे म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार, पुणे महापालिकेच्या हद्दीत दाट वस्तीबाहेर, नऊ मीटर रस्त्यावर मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१०, पैसे भरून मिळणारा ०.५०, टीडीआर (आरक्षणाला जमीन दिलेल्याकडून विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) ०.४०, असे एकूण २ होतात. त्यावर राहत्या इमारतीला साठ टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, म्हणजे ३.२. चार हजार गुणिले ३.२ म्हणजे बारा हजार आठशे चौरस मीटर बांधकाम. जिना, लिफ्ट, बाल्कनी धरून फ्लॅटमागे नव्वद चौरस मीटर धरले तर एकशेचाळीस फ्लॅट.

आता एकशेचाळीस घरांत चार-चार माणसं म्हणजे पाचशेसाठ. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर. म्हणजे रोज पंचाहत्तर हजार लिटर, दहा हजार लिटरचे साडेसात टँकर. त्यातलं ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे रोज साठ हजार लिटर. दारात एकशेचाळीस चारचाक्या आणि त्याहून जास्त दुचाक्या. हे सगळं एका एकराचं, नऊ मीटरच्या रस्त्यावर. नऊ मीटर म्हणजे जेमतेम तीस फूट. एका कडेला गाड्या लागल्या, दुसऱ्या कडेला भाजीची हातगाडी आणि महावितरणचा डीपी आला, की चालायला उरतं पंधरा-सोळा फूट. आणि अशा रस्त्यावर एक एकर नसतो, तीस-चाळीस एकर असतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नऊ मीटरचा रस्ता कागदावर असतो तो बहुतेक वेळा तुकड्यातुकड्याने. नकाशा मंजूर करताना जमीनमालक आपल्या हद्दीतली पट्टी रस्त्यासाठी सोडतो. पुढचा मालक अजून शेती करत असेल तर तो सोडत नाही. तो का सोडेल? परिणामी एका सोसायटीसमोर नऊ मीटर डांबर, पुढे तीन मीटर मुरूम, त्यापुढे पुन्हा नऊ मीटर. बाटलीचं तोंड अरुंद असेल तर पोट कितीही मोठं असून पाणी तेवढंच पडतं. त्या मधल्या तीन मीटरवाल्या शेतकऱ्याला सगळे शिव्या देतात, पण त्याच्या बांधावर येऊन त्याला मोबदल्याचा कागद कोणी दाखवलेला नसतो.

पाण्याची गोष्टही याच वळणाची. परवानगीच्या वेळी बिल्डरकडून हमीपत्र घेतलं जातं: महापालिकेचं किंवा प्राधिकरणाचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू. सोसायटी नोंदली गेली, ताबा दिला, की ही जबाबदारी गुपचूप सोसायटीच्या गळ्यात येते. मग दर महिन्याच्या देखभाल खर्चातला मोठा वाटा टँकरवाल्याला. टँकर भरतो तो शेजारच्या गावातल्या विहिरीवर किंवा बोअरवर. त्या गावात उन्हाळ्यात काय होतं हे सोसायटीच्या सभेत कधी निघत नाही. बाणेर-बालेवाडीच्या पाण्यावरून २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकाम परवानग्यांना काही काळ स्थगिती दिली होती. परवानगी देताना पाणी कुठून येणार हे विचारायला न्यायालय लागावं, हेच मुळात विचित्र.

पुण्याच्या पाण्याची तिजोरी म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चौघांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेतीही उभी आहे. शहराने एक टीएमसी जास्त उचललं की कालव्याच्या शेपटाकडचं आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, आक्रसतं. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी न्यायच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती महामार्गावर उतरले, ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे शेतकरी गेले. महानगराच्या वाढीचे आकडे मांडताना ही तारीखही त्याच पानावर लिहिली पाहिजे, असं मला वाटतं.

आता कोणीही म्हणेल, विकास आराखडा कशासाठी असतो मग? असतो की. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात सगळी व्यवस्था आहे: इरादा जाहीर करणं, प्रारूप प्रसिद्ध करणं, हरकती-सूचना, नियोजन समितीपुढे सुनावणी, शासनाची मंजुरी. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठी होता. प्रारूप प्रसिद्ध झालं २०१३ मध्ये, हरकती आल्या ऐंशी हजारांहून अधिक, आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षं मंजुरीतच गेली. पीएमआरडीए मार्च २०१५ मध्ये स्थापन झालं. त्याच्याकडे आलेला सुमारे सात हजार चौरस किलोमीटरचा पट्टा तोवर १९९७ सालच्या प्रादेशिक योजनेवर चालत होता. प्राधिकरणाने २०२१ साली प्रारूप आराखडा काढला, हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. दरम्यानच्या काळात चाकणला, वाघोलीला, मांजरीला कोणी बांधकाम थांबवून बसलं नव्हतं.

आराखडा मंजूर झाला तरी त्यावरचे रंग जमिनीवर उतरतात असं नाही. शाळा, मैदान, भाजी मंडई यांची आरक्षणं खासगी जमिनीवर पडतात. ती जमीन घ्यायचे मार्ग तीन: वाटाघाटीने, टीडीआर देऊन किंवा भूसंपादन कायद्याने. २०१३ च्या कायद्याने शहरी भागात बाजारभावाच्या साधारण दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला जातो. तेवढे पैसे महापालिकेकडे नसतात. टीडीआर फुकट छापता येतो, पण तो विकत घेणारा हवा. बाजार पडलेला असला की मालक रोख मागतो. अंतिम आराखड्याला दहा वर्षं झाली की मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची खरेदी सूचना (जमीन घ्या, नाहीतर सोडा अशी नोटीस) बजावतो. चोवीस महिन्यांत संपादनाची ठोस पावलं पडली नाहीत, की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नगररचनेच्या दालनात या चोवीस महिन्यांचं काय होतं, ते पाहण्यासारखं असतं. सूचना आवक-जावकमधून टेबलावर यायला महिना, भूमी अभिलेखकडून मोजणी यायला सहा-आठ महिने, स्थायी समितीत विषय, निधीची तरतूद नाही म्हणून फेरसादर, मग निवडणुकीची आचारसंहिता. पंचविसाव्या महिन्यात वकिलाचं पत्र येतं. मैदान गेलं.

महापालिकेला पैसे का नसतात, हाही शहराच्या आकाराशी जोडलेला प्रश्न आहे. जकात होती तोवर शहरात येणाऱ्या मालावर महापालिकेचा थेट हक्क होता. कारखाने आणि व्यापार वाढला की तिजोरी आपोआप भरायची. २०१३ मध्ये पुण्यात जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि महापालिकेच्या हाती नुकसानभरपाईचा हप्ता राहिला. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न उरलं दोन खांबांवर: मिळकत कर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. प्रीमियम एफएसआयचे पैसे, विकास शुल्क, पूरक क्षेत्राचे पैसे. म्हणजे ज्या परवानग्यांनी रस्ते तुंबतात, त्याच परवानग्यांच्या पैशांतून ते रस्ते रुंद करायचे. बांधकाम थांबवा म्हणणं सोपं आहे, पण थांबवलं तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाला भोक पडतं. आयुक्त कोणीही असोत, हा पेच सुटलेला नाही.

त्यात हद्द वाढत राहते. २०१७ मध्ये ११ गावं, जून २०२१ मध्ये २३ गावं. पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली, पाचशे चौरस किलोमीटरच्या वर. गावकऱ्यांवर मिळकत कराची आकारणी आधी आली, पाण्याची वाहिनी नंतर. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

मला ज्या गोष्टीवर थांबावंसं वाटतं ती वेगळी. शेताचा आकार बदलून शहराचा आकार करायची रीत आपल्याकडे होती. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचना कायदा झाला, देशातला पहिला. त्याखाली नगररचना योजना, लोकांच्या तोंडी टीपी स्कीम, होऊ लागल्या. पुण्यात शिवाजीनगर, पर्वती या भागांतल्या जुन्या घरांच्या कागदांवर ‘फायनल प्लॉट नंबर’ लिहिलेला असतो. मुंबईत वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या पत्त्यांत ‘टीपीएस’ येतं. या वस्त्यांमधले रस्ते काटकोनात मिळतात ते मुद्दाम आखून. बांधावरून वळत वळत आलेले ते रस्ते नाहीत. तिथे मोठी झाडं आहेत, कारण झाडाला जागा ठेवली होती.

टीपी स्कीम चालते कशी? पन्नास-शंभर हेक्टरांचा सलग तुकडा घ्यायचा. त्यातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा जुळवून प्रत्येकाचा मूळ भूखंड ठरवायचा. मग रस्ते, उद्यान, शाळा, दवाखाना, आर्थिक दुर्बलांसाठी घरं, विकून खर्च भागवायचे भूखंड, यांची जागा बाजूला काढायची. उरलेली जमीन चौकोनी अंतिम भूखंडांत पाडून, प्रत्येकाला शक्यतो त्याच्या मूळ जागेजवळ परत द्यायची. समजा एकाचा चाळीस गुंठ्यांचा वेडावाकडा पट्टा, दहा फुटांच्या वाटेवर. त्याला परत मिळतील वीस गुंठे, पण अठरा मीटरच्या रस्त्याला तोंड असलेले, पाणी आणि ड्रेनेजची सोय असलेले. अर्धी जमीन गेली असं वाटतं, पण वीस गुंठ्यांची किंमत जुन्या चाळीसच्या कितीतरी वर जाते. वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदान मालकाकडून घेता येतं, त्यातून रस्ते होतात. जमीन घेण्यासाठी सरकारला तिजोरी फोडावी लागत नाही, आणि कोणी भूमिहीन होत नाही.

मग हे मागे का पडलं? कारण ते किचकट आहे. सातबाऱ्यावर चाळीस गुंठे आणि मोजणीत सदतीस, हे नेहमीचं. तीन गुंठे कुठे गेले हे शेजाऱ्याला विचारलं तर पुढची पाच वर्षं दिवाणी न्यायालयात. वारसाच्या नोंदी झालेल्या नसतात. आजोबांच्या नावावर सातबारा, नातू नऊ, त्यातली दोन आत्यांची मुलं परदेशात. कोणी आधीच बिल्डरला विकसन करारनामा करून दिलेला असतो. कोणी घर बांधलेलं असतं आणि ते नेमकं नियोजित रस्त्यात येतं. प्रत्येक भूखंडाची मूळ किंमत, अंतिम किंमत, अंशदान ठरवायला लवाद नेमला जातो, आणि लवादापुढे प्रत्येक मालकाची सुनावणी. जुन्या योजना यात वर्षानुवर्षं लोंबकळल्या. त्यापेक्षा आराखड्यावर आरक्षणाचा शिक्का मारणं सोपं, एका दुपारी होण्यासारखं. राज्याने सोपा रस्ता धरला.

गुजरातकडेही मूळ कायदा तोच, १९१५ चा. त्यांनी तो सोडला नाही. १९७६ साली स्वतःचा अधिनियम केला, प्रारूप मंजूर होताच रस्त्यांचा ताबा घेता यावा अशी सोय पुढे केली. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड बराचसा अशाच योजनांमधून जमीन मिळवून झाला. पुण्याच्या रिंग रोडची कथा आपण जाणतोच. रस्ते विकास महामंडळाचा बाहेरचा ११० मीटर रुंदीचा, पीएमआरडीएचा आतला ६५ मीटरचा, आणि दोन्हींच्या आखणीवर जमिनीचे भाव रस्त्याच्या आधी धावलेले. रस्ता कुठून जाणार हे जाहीर झाल्यापासून संपादनापर्यंत जी वर्षं जातात, त्यात जमीन तीन वेळा हात बदलते. मोबदला शेवटच्या खरेदीदाराला मिळतो, मूळ शेतकऱ्याला नाही.

पुण्यात एक अपवाद आहे आणि तो सरकारी नाही. हडपसरच्या मगरपट्ट्यात ऐंशीच्या दशकात शहर अंगावर येताना दिसू लागलं. जमीन विकून मोकळं व्हायचं, की संपादनाची नोटीस येईपर्यंत थांबायचं? सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने तिसरी वाट धरली. साधारण ४३० एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर वाटले आणि स्वतःच नगर वसवलं. आधी बांध विसरून संपूर्ण क्षेत्राचा एक नकाशा केला, मग रस्ते, मग इमारती. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटी याच धर्तीवर उभी राहिली. यावर एक शंका रास्त आहे: मगरपट्ट्यात बहुतेक मंडळी एकाच भावकीतली, एकमेकांच्या लग्नकार्यात बसणारी. अनोळखी तीनशे मालकांना हे जमेल का? म्हणूनच तर कायद्याची योजना हवी. म्हाळुंगे-माण इथे पीएमआरडीएने सुमारे अडीचशे हेक्टरांची टीपी स्कीम हाती घेतली, हिंजवडीला चिकटूनच; मालकांना अर्धी जमीन परत या तत्त्वावर. उशिरा का होईना, वाट तीच.

याच्या उलट टोकाला गुंठेवारी आहे. शहरात फ्लॅट परवडत नाही म्हणून रिक्षावाला, वॉचमन, कारखान्यातला कंत्राटी कामगार गुंठा-दीड गुंठा घेतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. जमिनीचे फार छोटे तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदीच्या कायद्यामुळे एवढा तुकडा स्वतंत्र नोंदवता यायचा नाही, मग दहा-अकरा जण मिळून अकरा गुंठे सामाईक खरेदी करायचे. सातबाऱ्यावर दहा नावं, जमिनीवर दहा घरं, मधे सहा फुटांची बोळ. अग्निशमनाची गाडी आत येणार नाही, मयत बाहेर काढताना तिरडी वळवावी लागते. शासनाने २००१ साली अशी बांधकामं नियमित करायचा कायदा केला, २०२१ मध्ये तो डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केला. कागद नियमित होतो, बोळ सहा फुटांचीच राहते. बेकायदा बांधकाम म्हणून या लोकांवर तोंडसुख घेणाऱ्यांनी एवढंच सांगावं: त्यांच्या पगारात बसणारं कायदेशीर घर या महानगरात कोणत्या आराखड्यात दाखवलं होतं?

ओढ्यांचं तर विचारूच नका. मोजणी नकाशात ओढा तुटक रेषेने दाखवलेला असतो. उन्हाळ्यात कोरडा. दोन बाजूंच्या दोन लेआउटांनी त्याला दोन-दोन मीटर खाल्लं, वर पाइप टाकून रस्ता केला, की वीस फुटांचा ओढा तीन फुटांच्या पाइपातून जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत काय केलं ते पुण्याने पाहिलं. त्या रात्री शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली.

उपनगरात घर घेणाऱ्याने काय बघावं, हे थोडक्यात सांगता येण्यासारखं आहे. रेरा क्रमांक (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी) सगळेच बघतात. त्यापुढे जाऊन झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते तो कागद) आणि आराखड्यातला आपल्या जागेपुरता भाग नकाशा मागावा. त्यावर आपल्या गटातून एखादा नियोजित रस्ता जातो का ते दिसतं. दारातला रस्ता आराखड्यातला आहे, की दोन मालकांनी आपसांत लिहून दिलेला वहिवाटीचा, हे मूळ कागदावर बघावं. दुसऱ्या प्रकारात उद्या तिसरा मालक तार बांधू शकतो. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत बघावी, ओढ्याची तुटक रेषा शोधावी. पाण्याचं हमीपत्र कोणाच्या नावाने आहे ते वाचावं. आणि सांडपाण्याच्या प्रकल्पाचं वीजबिल शेजारच्या ताबा मिळालेल्या इमारतीत विचारावं. बऱ्याच ठिकाणी ते नगण्य असतं, कारण यंत्र बंद असतं आणि पाणी रात्री नाल्यात जातं.

प्राधिकरणाने काय करावं हेही फार गूढ नाही. बांधकाम सुरू करायची परवानगी आजच्यासारखी द्यावी, पण भोगवटा प्रमाणपत्राला (इमारतीत राहायला जायच्या परवानगीला) दोन अटी जोडाव्यात: मंजूर नकाशात दाखवलेला रस्ता सलग मुख्य रस्त्यापर्यंत जमिनीवर झालेला असला पाहिजे, आणि पाण्याची वाहिनी, हमीपत्र नव्हे, दारात आलेली असली पाहिजे. मधल्या शेतकऱ्याकडून घ्यायच्या उरलेल्या सहा मीटर पट्टीचा मोबदला त्या रस्त्यावरच्या सगळ्या प्रकल्पांनी एफएसआयच्या प्रमाणात आधीच एका खात्यात भरावा. रक्कम तशी मोठी नाही: शंभर मीटर लांब, सहा मीटर रुंद पट्टी म्हणजे सहाशे चौरस मीटर, सहा गुंठे. चाळीस एकरांत वाटली तर एकरी गुंठ्याचा सहावा हिस्साही येत नाही. याला विरोध बिल्डर करतील, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात बिल्डरला रस्ता हवाच असतो, दर त्याने वाढतो. अडचण अशी, की भोगवटा अडला तर शुल्काचा शेवटचा हप्ता अडतो, आणि मार्चअखेरीस वसुलीचं उद्दिष्ट गाठायचं असतं ते परवानगी देणाऱ्या खात्यालाच.